सामना दुसऱ्याचा, आवाज आपला: लिबर्टी नेटवर्क का बुडालं?

प्रश्न थोडक्यात असा होता. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमध्ये लिबर्टी नावाचं खेळांचं रेडिओ नेटवर्क निघालं, तीन-चार वर्षांत शेकडो केंद्रांवर पोहोचलं आणि १९५२ मध्ये एकाएकी बंद पडलं. ते टीव्हीमुळे बुडालं का? स्टुडिओत बसून मैदानावर असल्याचा भास निर्माण करायचा, ही श्रोत्यांची फसवणूक नव्हती का? आणि असंच काही आज मराठीत, इंटरनेटवर, हक्क विकत न घेता करता येईल का?

उमेदीची बरीच वर्षं मी रेडिओवरच्या खेळांच्या प्रसारणात घालवली आणि पुढे प्रसारण हक्कांचे करार वाचण्यात. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. टीव्हीने लिबर्टीला मारलं नाही. जो माल विकून लिबर्टी जगत होतं, त्या मालाचे मालक दुसरे होते आणि एके दिवशी त्यांनी तो द्यायचं बंद केलं. बाकीची कारणं खरी आहेत, पण दुय्यम आहेत.

आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, तेव्हा १६ संघ होते आणि ते सगळे मिळून १० शहरांत होते. न्यू यॉर्कमध्ये तीन, शिकागो, बॉस्टन, फिलाडेल्फिया, सेंट लुइसमध्ये दोन-दोन. सेंट लुइसच्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला एकही संघ नाही. म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा, सगळा दक्षिण भाग, सगळा पश्चिम किनारा, इथे बेसबॉलवर जीव टाकणारे कोट्यवधी लोक, आणि त्यांना मोठा सामना ऐकायची सोय कधी? बहुतेकांना वर्षातून दोनदा: वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची अजिंक्यपदाची मालिका, आणि निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना. रोजचं बेसबॉल दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचायचं.

नकाशाची दुसरी बाजू रेडिओची. महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत एएम केंद्रं हजाराच्या आत होती. १९५० पर्यंत ती दोन हजारांवर गेली. ही नवी केंद्रं बहुतेक लहान गावांतली, कमी ताकदीची. त्यांतल्या कितीतरी केंद्रांना परवाना फक्त दिवसाचा, सूर्य मावळला की प्रक्षेपण बंद. एनबीसी आणि सीबीएस या बड्या नेटवर्कना त्यांच्यात रस नव्हता. दुपारचे तास भरायचे कसे, हा त्यांचा रोजचा प्रश्न. आणि बेसबॉल तेव्हा मुख्यतः दुपारीच खेळलं जाई. शिकागोच्या रिग्ली फील्डवर तर १९८८ पर्यंत दिवेच नव्हते. दुपारी रिकामी असलेली केंद्रं आणि दुपारी होणारे सामने यांची गाठ कुणीतरी घालून द्यायची बाकी होती.

ती घातली गॉर्डन मॅक्लेंडनने. जन्म १९२१ चा, टेक्सासमधल्या पॅरिस गावचा. येलमध्ये शिकलेला, युद्धात नौदलाच्या गुप्तवार्ता विभागात जपानी भाषेचं काम केलेला. वडील बार्टन मॅक्लेंडन सिनेमागृहांच्या साखळीचे मालक, त्यामुळे भांडवल घरातलं. १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये बापलेकांनी डॅलसच्या ओक क्लिफ भागात केएलआयएफ हे केंद्र सुरू केलं. स्टुडिओ एका हॉटेलच्या तळघरात. तिथून गॉर्डन बेसबॉलचे सामने ऐकवू लागला. आसपासच्या केंद्रांनी तेच प्रसारण मागितलं, आणि त्यातून १९४८ मध्ये लिबर्टी ब्रॉडकास्टिंग सिस्टिम उभी राहिली. माइकवर तो स्वतःला ‘द ओल्ड स्कॉचमन’ म्हणवून घेई. सगळी हयात मैदानांवर काढलेला कुणी प्रेमळ म्हातारा बोलतोय, असं ऐकणाऱ्याला वाटे. प्रत्यक्षात तो अजून तिशीलाही पोहोचला नव्हता.

आता ते सामने ऐकवले कसे जात, ते नीट सांगतो. या कामातली कारागिरी समजल्याशिवाय फसवणुकीच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही.

मैदानावर वेस्टर्न युनियनचा तारवाला बसलेला असे. प्रत्येक चेंडूचा निकाल तो मोर्सच्या खुणांनी कळवी, अगदी आखूड सांकेतिक मजकुरात. ‘बी १’ म्हणजे पहिला बॉल, बॅटरच्या टप्प्याबाहेर टाकलेला चेंडू. ‘एस १ सी’ म्हणजे पहिला स्ट्राइक, अंपायरने दिलेला, बॅटरने बॅट न फिरवता; असे तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. इकडे स्टुडिओत दुसरा तारवाला ते टंकित करून निवेदकाच्या पुढ्यात टाकी. निवेदकाच्या हातात असायचं ते एवढंच. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, टोपी सारखी केली का, चेंडू बाहेरून आत वळला का, स्टँडमध्ये सावली कुठवर आली, यातलं काहीच तारेवर नसे. ते सगळं निवेदकाने भरायचं.

जाणता निवेदक तारेच्या मागे राहून बोले, कधीकधी अर्धा डाव मागे. कारण उघड आहे. पुढे काय होणार हे माहीत असेल तर आवाज कुठे चढवायचा, कुठे रेंगाळायचं, हे ठरवता येतं. तिसऱ्या चेंडूवर होम रन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, आहे हे ठाऊक असलेला माणूस पहिल्या दोन चेंडूंवर ताण वाढवत नेऊ शकतो. प्रत्यक्ष मैदानावर बसलेल्या समालोचकाला ही चैन कधीच मिळत नाही. आणि तरीही बोलण्यात ‘मला आधीच माहीत आहे’ याचा वासही येता कामा नये. हे जमणं फार अवघड आहे. मी माइकसमोर बसलेल्या पुष्कळ लोकांबरोबर काम केलंय. माहीत असलेली गोष्ट पहिल्यांदाच घडतेय अशा आवाजात सांगता येणारे त्यांत फार थोडे.

मग आवाज. तारेवरून सामन्याची अशी पुनर्निर्मिती करणारी इतर केंद्रं एखादी गर्दीची तबकडी लावून मोकळी होत. लिबर्टीत तीन-चार तबकड्या एकाच वेळी फिरत असत: एकीवर नुसती कुजबुज, दुसरीवर अधीर झालेली गर्दी, तिसरीवर जल्लोष. ध्वनितंत्रज्ञ निवेदकाच्या तोंडाकडे पाहत एकीतून दुसरीत जाई. बॅटचा आवाज माइकजवळ लाकडावर लाकूड मारून काढला जाई. शेंगदाणे विकणाऱ्याची आरोळी मध्येच कुठूनतरी दुरून येई. मैदानावरच्या लाउडस्पीकरला जो घुमारा असतो तो हवा म्हणून खेळाडूंची नावं पुकारणाऱ्या माणसाला स्वच्छतागृहात उभं करत, असं तिथे काम केलेल्या लोकांनी सांगून ठेवलंय. फरशीच्या भिंतींमुळे आवाज बरोबर घुमे.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऐकणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. गर्दीचा आवाज कधीही शून्यावर जाऊ द्यायचा नाही. आम्ही मैदानावरून प्रसारण करायचो तेव्हाही प्रेक्षकांसाठी वेगळा मायक्रोफोन ठेवायचो आणि समालोचक बोलत असताना तो दाबायचो, पण बंद करायचो नाही. दोन वाक्यांच्या मध्ये ती गाज वर आली की ऐकणारा मैदानातच राहतो. मॅक्लेंडनला हे अचूक कळलं होतं. जिथे खरी गर्दी नाही तिथे त्याने ती गाज तासन्‌तास टिकवून धरली, आणि तीही कुणी शिकवलेलं नसताना.

तार तुटली तर? हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका. आयोवातल्या डब्ल्यूएचओ केंद्रावर १९३० च्या दशकात शिकागो कब्जचे सामने असेच ऐकवणारा एक तरुण निवेदक होता, रोनाल्ड रेगन. ऐन सामन्यात तार बंद पडली तेव्हा बॅटर चेंडूमागून चेंडू फाउल मारतोय असं आपण कित्येक मिनिटं सांगत राहिलो, हा किस्सा तो राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही सांगत असे. फाउल म्हणजे हद्दीच्या रेषेबाहेर गेलेला फटका. फाउलच का, तर दोन स्ट्राइक झाल्यावर फाउलचा धावफलकावर परिणाम होत नाही. त्यामुळे पुढे तार काहीही सांगो, आधीचं खोटं पडत नाही. संकटात सुचलेली ती फार हुशारीची गोष्ट होती.

तर मग ही फसवणूक होती का? याच काळात ब्रुकलिन डॉजर्सचा समालोचक रेड बार्बर बाहेरगावचे सामने तारेवरूनच सांगत असे, पण तो तारयंत्राची टिकटिक मुद्दाम माइकवर ऐकू येऊ देई. आपण मैदानावर नाही हे श्रोत्याला प्रत्येक क्षणी कळलं पाहिजे, हा त्याचा आग्रह. मॅक्लेंडनची सगळी मेहनत नेमकी उलट दिशेने होती. कळू नये यासाठी. माझं मत बार्बरच्या बाजूचं आहे. निकाल, धावा, खेळाडूंची नावं, यांत लिबर्टी खोटं सांगत नव्हतं. सामना खराच होता. पण ‘मी तिथे आहे’ हा आभास विकणं म्हणजे श्रोत्याच्या विश्वासाचा असा वापर करणं, ज्याला त्याने संमती दिलेली नाही. क्रीडा प्रसारणात समालोचकाकडे विश्वासाखेरीज दुसरं काही नसतं. त्याच वेळी हेही म्हणेन की मिसिसिपीतल्या किंवा न्यू मेक्सिकोतल्या एखाद्या गावात दुपारी शेतावर काम करताना ज्याने लिबर्टी ऐकलं, त्याला आयुष्यात पहिल्यांदा रोजचं बेसबॉल मिळालं. ते देणं लहान नव्हतं.

आणि लिबर्टी काही फक्त आभासावर चाललं नाही. पैसा आला तसे ते प्रत्यक्ष मैदानावरूनही सामने देऊ लागले. त्यांच्याकडे माणसंही उत्तम होती. लिंडसी नेल्सन पुढे न्यू यॉर्क मेट्सचा आवाज बनला. जेरी डॉगेट तीन दशकं डॉजर्सच्या सामन्यांवर व्हिन स्कली या नामवंत समालोचकाच्या शेजारी बसला. वेस वाइज पुढे डॅलसचा महापौर झाला. इतकी गुणी माणसं एका तळघरातून घडवणारं केंद्र शोधून सापडणार नाही.

भरभराटीच्या काळात लिबर्टीकडे ४५८ केंद्रं होती. केंद्रांच्या संख्येत त्याच्या पुढे फक्त म्युच्युअल नेटवर्क. पण हा आकडा वाचताना जपायला हवं, कारण इथेच पुढच्या घसरणीचं बीज आहे. केंद्रं शेकडो, पण लहान गावांतली. न्यू यॉर्क, शिकागो, डेट्रॉइट ही बाजारपेठेची खरी शहरं बेसबॉलपुरती लिबर्टीला बंद होती, कारण तिथे स्थानिक संघांचं राज्य. राष्ट्रीय जाहिरातदार मोठ्या शहरांसाठी पैसे मोजतो. ज्या नेटवर्कच्या नकाशात बरोबर तीच दहा शहरं नाहीत, त्याला तो उरलासुरला पैसा देतो. त्यामुळे लिबर्टीचं उत्पन्न मुख्यतः संलग्न केंद्रांनी भरलेल्या शुल्कावर होतं. मोठी नेटवर्क आपल्या केंद्रांना पैसे देत. इथे केंद्रंच नेटवर्कला देत. चालत होतं तोवर ते सुंदर होतं. फक्त त्यात गंगाजळी साठत नाही.

खर्च मात्र वाढतच गेला. शेकडो गावांपर्यंत आवाज पोहोचवायचा तर टेलिफोन कंपनीच्या लाइन भाड्याने घ्याव्या लागत, आणि ते भाडं सामना असो वा नसो चालू राही. इथे मॅक्लेंडनने, माझ्या मते, सगळ्यात महागडा निर्णय घेतला. १९५० मध्ये त्याने लिबर्टीला पूर्ण वेळ चालणारं सर्वसाधारण नेटवर्क बनवायचं ठरवलं. बातम्या, भाष्यकार, संगीत, सगळं. यामागचा तर्क मला समजतो. लाइनचं भाडं भरतोच आहोत तर ती दिवसभर वापरूया. शिवाय बेसबॉलचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. हिवाळ्यात अमेरिकन फुटबॉल होतं, पण ते मुख्यतः शनिवार-रविवारचं. पण जिथे एनबीसी, सीबीएस, एबीसी आणि म्युच्युअल आधीच बसलेली आहेत, तिथे पाचवा म्हणून जाऊन बसणं म्हणजे ज्या एका बाबतीत आपल्यासारखं कुणी नाही तिथला पैसा काढून, जिथे सगळे आपल्यापेक्षा सरस आहेत तिथे ओतणं. ह्यूस्टनचे तेलसम्राट ह्यू रॉय कलन यांनी १९५१ मध्ये मोठं भांडवल घातलं आणि काही काळ श्वास मिळाला, इतकंच.

तोवर म्युच्युअलही जागं झालं होतं. १९५० मध्ये त्यांनी ‘गेम ऑफ द डे’ नावाने रोजचा सामना सुरू केला, थेट मैदानावरून. फॉल्स्टाफ बिअरसारखा तगडा प्रायोजक त्यांच्या मागे उभा राहिला. लिबर्टीने सिद्ध करून दाखवलेली कल्पना आता त्याच्याहून मोठ्या खिशाच्या हातात होती. कल्पनेवर हक्क सांगता येत नाही.

आता मुख्य मुद्दा: संघमालक. बेसबॉलच्या क्लबांनी १९४६ मध्ये एक नियम केला होता. सोप्या शब्दांत सांगायचं तर, एखाद्या संघाच्या मैदानापासून ५० मैलांच्या आत दुसऱ्या सामन्याचं प्रसारण त्या संघाच्या परवानगीशिवाय होणार नाही. मोठ्या संघांना हा नियम सोयीचा होता आणि लहान गावांतल्या मायनर लीग, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, संघांना तर तो जीव की प्राण. गावातल्या मैदानावर संध्याकाळी दोन-चार हजार माणसं यायची. घरी बसून न्यू यॉर्कच्या यँकीजसारखा बडा संघ फुकट ऐकायला मिळाला तर ती कशाला येतील? १९४९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली या नियमाची चौकशी सुरू केली. क्लबांनी आधी नियम सैल केला आणि १९५१ मध्ये पूर्ण काढून टाकला.

ऐकायला हा लिबर्टीचा विजय वाटतो, आणि तेव्हा तसाच तो मानला गेला. सामूहिक नियम गेला, दार उघडलं. पण करार वाचायची सवय असलेला माणूस इथे थांबतो. सामूहिक नियम होता तोवर ‘तुम्ही सगळे मिळून मला अडवताय’ असं न्यायालयात म्हणता येत होतं. पुरावा छापील होता. नियम गेल्यावर प्रत्येक क्लब आपापल्या सामन्याचा मालक उरला. आता प्रत्येकाने स्वतंत्रपणे ‘आम्हाला विकायचं नाही’ म्हटलं, तर त्यात संगनमत होतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी लिबर्टीवर. आणि मालकीचा प्रश्न तर आधीच सुटलेला होता. १९३८ मध्ये पिट्सबर्गच्या केक्यूव्ही केंद्राने मैदानाबाहेरच्या उंच जागेवर माणसं बसवून तिथल्या पायरेट्स संघाचे सामने सांगायला सुरुवात केली होती. केंद्रीय न्यायालयाने त्यांना थांबवलं. ज्याने मैदान बांधलं, संघ पोसला, सामना भरवला, त्या सामन्याच्या ताज्या बातमीवर काही काळ तरी त्याचाच हक्क, असा तो निर्णय. म्हणजे मॅक्लेंडनने केव्हाही, कुठल्याही मार्गाने सामना मिळवला तरी शेवटी क्लबच्या होकारावरच येऊन थांबणार होता.

सुरुवातीला क्लबांनी हे हक्क जवळजवळ नाममात्र किमतीला दिले. टेक्सासमधलं कुणी एक पोरगं तारेवरून खेळ सांगतंय, त्यात आपलं काय जातं, अशी त्यांची समजूत असावी. केंद्रांची संख्या शेकड्यांत गेली तशी किंमतही चढली. हक्कांचा वर्षाचा आकडा दोन लाख डॉलरच्या वर गेला आणि कुठल्या गावात, कुठल्या वेळी ऐकवायचं यावरच्या अटीही वाढल्या.

या चढत्या किमतीमागे नुसती हाव नव्हती, भीतीही होती. १९४८ मध्ये मेजर लीगच्या मैदानांवर सुमारे २ कोटी ९ लाख प्रेक्षक आले होते. १९५२ मध्ये तो आकडा दीड कोटीच्या खाली आला. मायनर लीगची अवस्था त्याहून वाईट. १९४९ मध्ये ५९ लीग आणि ४ कोटींच्या आसपास प्रेक्षक, हे त्यांचं शिखर. पुढच्या दहा वर्षांत लीगची संख्या निम्म्याहूनही खाली गेली. कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन, जे स्वतः वेस्टर्न लीगचे अध्यक्षही होते, त्यांनी हा प्रश्न १९५३ मध्ये थेट सिनेटपुढे नेला. गावांतलं बेसबॉल केवळ रेडिओमुळे आटलं असं मी म्हणणार नाही. मोटारगाड्या, उपनगरं, वातानुकूलित घरं, टीव्ही, सगळ्यांचा त्यात हात होता. पण ज्याचं मैदान ओस पडतंय त्याला आधी दिसतो तो गावातला रेडिओ, आणि त्या रेडिओवर होता ‘ओल्ड स्कॉचमन’.

शेवटाआधी लिबर्टीने एक फार मोठा दिवस पाहिला. ३ ऑक्टोबर १९५१, न्यू यॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स आणि डॉजर्स यांच्यातला निर्णायक सामना, शेवटचा डाव, डॉजर्स ४-२ ने पुढे, आणि जायंट्सच्या बॉबी थॉमसनचा सामना जिंकून देणारा होम रन. त्या क्षणाचं जगप्रसिद्ध झालेलं समालोचन रस हॉजेसचं, न्यू यॉर्कच्या स्थानिक केंद्रावरचं, ज्यात तो जायंट्स जिंकल्याचं पुन्हापुन्हा ओरडतो. ते टिकलं कारण कुणा चाहत्याच्या घरी ते ध्वनिफितीवर घेतलं गेलं होतं. पण देशभरातल्या गावागावांत त्या दिवशी ऐकू गेलेला एक आवाज गॉर्डन मॅक्लेंडनचा होता, आणि या वेळी तो प्रत्यक्ष मैदानावर होता. ते ध्वनिमुद्रण आजही मिळतं. समालोचन शिकणाऱ्या कुणालाही मी ते ऐकायला सांगेन. होम रननंतर तो काय म्हणतो त्यापेक्षा त्याआधीच्या डावांमध्ये तो काय करतो ते ऐका. तारेच्या कागदावरून मैदान उभं करायची सवय असलेल्या माणसाला खरंखुरं मैदान मिळालंय, आणि बारीकसारीक तपशिलांवरून त्याची नजर हलत नाही.

त्यानंतर आठ महिनेही गेले नाहीत. १९५२ च्या हंगामासाठी १६ पैकी १३ क्लबांनी लिबर्टीला हक्क द्यायला नकार दिला. मॅक्लेंडनने फेब्रुवारीत त्या तेरांविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्याखाली १ कोटी २० लाख डॉलरचा दावा ठोकला. दावा जोरदार होता, पण पायाखाली १९२२ पासूनचा एक दगड होता: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळलं होतं, आणि १९५३ मध्ये तीच सूट पुन्हा कायम केली. शिवाय न्यायालयाची चाल वर्षांत मोजतात आणि नेटवर्कची देणी महिन्यांत. हातात उरलेल्या मोजक्या क्लबांवर रोजचा सामना देता येईना, सामना नाही म्हणून केंद्रं शुल्क भरेनात, शुल्क नाही म्हणून लाइनचं भाडं थकलं. मे १९५२ मध्ये लिबर्टी बंद झालं आणि पाठोपाठ दिवाळखोरी. दावा पुढे तडजोडीने मिटला, मागितलेल्या रकमेच्या मानाने अगदी किरकोळ पैशांवर. तोवर वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

टीव्हीचं म्हणाल तर तारखाच पाहा. १९४८ ते एप्रिल १९५२ या काळात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने गोठवून ठेवले होते. सगळ्या देशात मिळून १०८ केंद्रं, आणि तीही मुख्यतः मोठ्या शहरांत. लिबर्टी ज्या गावांत ऐकलं जाई त्यांतल्या बहुसंख्य गावांत, लिबर्टी बंद पडलं त्या दिवशी टीव्हीचं चित्रच पोहोचलेलं नव्हतं. आणि दुसरा पुरावा म्युच्युअलचा. लिबर्टीचीच कल्पना घेऊन चाललेला त्यांचा ‘गेम ऑफ द डे’ १९६० पर्यंत रेडिओवर टिकला. ऐकणारे होते, केंद्रं होती, प्रायोजकही होते. ज्याच्याकडे हक्क होते तो चालला. टीव्हीचा परिणाम झाला तो आडवळणाने: क्लबांना प्रसारणाची धास्ती बसली आणि राष्ट्रीय जाहिरातीचा पैसा हळूहळू रेडिओकडून सरकू लागला.

मॅक्लेंडन स्वतः खचला नाही. त्याच केएलआयएफवर त्याने गाजलेल्या गाण्यांचा ‘टॉप ४०’ साचा इतका यशस्वी केला की देशभरच्या केंद्रांनी तो उचलला. १९७१ मध्ये ते केंद्र १ कोटी डॉलरच्या वर किमतीला विकलं गेलं. मला यात योगायोग दिसत नाही. तबकडी कुठल्याही केंद्राला वाजवता येते. कुणी एक कंपनी सकाळी उठून सगळं संगीत बंद करू शकत नाही. पुढे १९८७ मध्ये न्यू यॉर्कमध्ये डब्ल्यूएफएएन हे चोवीस तास खेळांना वाहिलेलं केंद्र आलं आणि टिकलं, तेही दिवसभर सामने देऊन नव्हे. सामने होतेच, पण बाकीचा दिवस भरला तो गप्पांनी, वादांनी, श्रोत्यांच्या फोननी. सामना क्लबचा असतो. सामन्यावरची चर्चा ज्याची त्याची.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मराठीतल्या ऑनलाइन ऑडिओचा. धावसंख्येची माहिती कुणाच्या मालकीची, यावर आपल्याकडेही खटले झाले आहेत. मोबाइलवर चेंडूगणिक धावसंख्या पाठवणाऱ्या कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, सामन्याचे तथ्य एकदा सार्वजनिक झालं की ते कुणाच्या मक्त्याचं राहत नाही, अशी भूमिका घेतली. अमेरिकेत १९९७ मध्ये पेजरवर बास्केटबॉलचे गुण देण्याच्या खटल्यात साधारण हीच दिशा होती. पण दिल्लीचं प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. आणि मुळात आकडे देणं वेगळं. टीव्हीवर चित्र पाहत त्याचं सलग धावतं वर्णन गर्दीच्या आवाजासकट विकणं वेगळं. आयपीएल किंवा भारताच्या सामन्यांवर असं काही उभारायचा विचार असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही गुंतवू नका.

त्याऐवजी मी काय करेन ते सांगतो. जिल्हा पातळीवरची कबड्डी, खो-खो, शालेय क्रिकेट, गावोगावच्या कुस्त्यांची मैदानं, यांचे ऑडिओ हक्क बहुतेक ठिकाणी कुणी मागितलेलेच नाहीत. आयोजकांकडून ते लेखी घ्या. एका हंगामापुरते नकोत; किमान तीन वर्षांचे, मुदतवाढीचा पहिला अधिकार तुमच्याकडे ठेवून, आणि नूतनीकरणाच्या वेळी किंमत किती टक्क्यांपर्यंत वाढू शकते हे आकड्यात लिहून. प्रसारण कुठे-कुठे ऐकू जाणार याची हद्द करारात स्पष्ट हवी, आणि ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाची तेही. तोंडी होकारावर पहिला सामना करू नका, आयोजक कितीही ओळखीचे असले तरी. त्या मैदानांवर मात्र स्वतः जा, आणि प्रेक्षकांसाठी एक वेगळा मायक्रोफोन न्या.